सोजू गढूळ झाली? बाटली परत आणण्याआधी हे वाचा

अस्सल कोरियन सोजूला, म्हणजे धान्यापासून भट्टीवर काढलेल्या दारूला, मागणी वाढली आणि तिच्यासोबत एक तक्रारही: “बाटली पांढुरकी झाली, माल खराब निघाला.” बहुतेक वेळा ती फ्रीजरमध्ये ठेवलेली असते.

कोरियन मालिकांत दिसणारी हिरव्या बाटलीतली सोजू वेगळी. जवळजवळ शुद्ध अल्कोहोलमध्ये पाणी आणि गोडी घालून ती 16 टक्क्यांच्या आसपास आणतात. ती फ्रीजमध्ये गार केली तरी नितळच राहते. 1965 मध्ये कोरियात तांदळाची सोजू काढायला बंदी आली आणि या स्वस्त सोजूचा जम बसला. आंदोंग या कोरियन शहराची पारंपरिक सोजू मात्र तांदूळ ‘नुरुक’ने, म्हणजे गव्हाच्या आंबवणाच्या वडीने, आंबवून भट्टीवर काढतात. ती 45 टक्क्यांची. मुनबेजू ही अशीच दुसरी पारंपरिक दारू, 40 टक्क्यांची, राळा आणि ज्वारीची. तिला रानटी नासपतीचा वास येतो, पण नासपती त्यात नसते.

भट्टीतून धान्यातले तेलकट अंश थोडे दारूत उतरतात. भरदार चव त्यांचीच. गारठ्यात ते विरघळलेले राहत नाहीत, म्हणून दारू गढूळ दिसते. बारीक फिल्टर लावला तर ती नितळ राहील, पण चवीला पाणचट लागेल.

बाटली बाहेर काढून उभी ठेवा, दोन-तीन तासांनी हलकेच हलवा. निवळली की माल उत्तम. निवळली नाही, तळाशी कण दिसले किंवा सील आधीच सैल होतं, तर जरूर आणा. नुसत्या गढूळपणासाठी उघडलेली बाटली आम्ही बदलून देत नाही. ती पुढच्या गिऱ्हाईकाला विकता येत नाही.

आधी 30 मिली तशीच, घोटाघोटाने घ्या, मग तेवढंच पाणी घाला. पाण्यानेही किंचित पांढुरकी होते, कारण तेच. 45 टक्क्यांची 60 मिली हिरव्या बाटलीइतकी सौम्य करायला सुमारे 110 मिली पाणी लागतं. म्हणजे एक बाटली तेवढ्याच आकाराच्या जवळजवळ तीन हिरव्या बाटल्यांचं काम करते. किमतीचा हिशेब असा धरा. शिवाय कोरियात सोजूवरचा मद्यकर किमतीच्या प्रमाणात लागतो, त्यामुळे महाग धान्याची दारू तिथे आणखी महागते. बियरमध्ये मात्र ही ओतू नका, त्याला हिरवी बाटली पुरते.

गारच प्यायची असेल तर ह्वायो 25 ही 25 टक्क्यांची सोजू घ्या. ती कमी दाबाखाली काढून मातीच्या रांजणात मुरवतात. वास सौम्य, बर्फही मानवतो. पहिल्यांदा घेणाऱ्यांना आम्ही हीच देतो, आंदोंग त्यानंतर.