डिजिटल आरोग्य साधने (कोल्हापूर परिसर)

दवाखाना शोधणे, नंबर लावणे, केसपेपर काढणे, रिपोर्ट जपणे, सरकारी योजनेत उपचार बसतो का ते पाहणे आणि घरी बीपी-शुगरची नोंद ठेवणे, या कामांसाठी वापरात आलेली मोबाईल ॲप, संकेतस्थळे व छोटी यंत्रे यांना मिळून डिजिटल आरोग्य साधने म्हणतात. भारतात त्यांचा सरकारी पाया आयुष्मान भारत डिजिटल मिशन हा आहे. त्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२० रोजी झाली, सहा केंद्रशासित प्रदेशांत ते आधी चाचणीसाठी राबवले गेले आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ते देशभर लागू झाले. अंमलबजावणी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाकडे आहे.

कोल्हापुरात या साधनांची गरज जरा वेगळ्या कारणाने आहे. जिल्ह्याचे १२ तालुके तर आहेतच, शिवाय आंबा आणि गगनबावड्याचे घाट चढून कोकणातले, निपाणी-चिकोडीकडून सीमाभागातले रुग्णही ‘कोल्हापूरला दाखवायला’ येतात. सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. खासगी दवाखान्यांची दाटी राजारामपुरी-शाहूपुरीत. एकाच माणसाचे कागद गावचे आरोग्य केंद्र, तालुक्याची लॅब आणि शहरातले हॉस्पिटल असे तीन ठिकाणी विखुरलेले असतात आणि ते एकत्र असतात ते फक्त घरच्या प्लास्टिकच्या पिशवीत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठच्या घरांत पाणी शिरले तेव्हा अशा पिशव्यांचे काय झाले असेल, हे सांगायला नको.

आभा क्रमांक

आभा हा या मिशनमध्ये मिळणारा १४ अंकी आरोग्य खाते क्रमांक. त्यासोबत ईमेलसारखा दिसणारा आभा पत्ताही मिळतो. क्रमांक एकच राहतो, पत्ते एकाहून अधिक असू शकतात. आधारवरून काढायचा तर आभाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये आधार क्रमांक टाकावा, संमतीच्या चौकोनात खूण करावी, आधारला जोडलेल्या मोबाईलवर आलेला ओटीपी भरावा, मग संपर्कासाठीचा मोबाईल क्रमांक पडताळून पत्ता निवडावा. सगळे जमले तर पाच मिनिटांचे काम. पैसे लागत नाहीत; सेवा केंद्रात कोणी करून दिले आणि पैसे घेतले तर तो त्याच्या कष्टाचा मोबदला, सरकारी फी नव्हे.

अडते ते बहुधा ओटीपीवर. आधार काढताना दिलेले सिम बंद पडलेले असते, किंवा आईच्या आधारला पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा नंबर असतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा ओटीपी मागवून उपयोग नाही. आधार केंद्रात जाऊन मोबाईल क्रमांक बदलून घ्यावा, मग आभाकडे वळावे.

दुसरी अडचण नावाची आणि वयाची. जुने रिपोर्ट आभाशी जोडताना यंत्रणा मोबाईल क्रमांक, नाव, लिंग आणि जन्मवर्ष ताडून पाहते. आधारवर ‘शांताबाई ज्ञानदेव पाटील’, केसपेपरवर ‘पाटील शांता’, आणि वय खिडकीवर अंदाजाने सांगितलेले ‘पासष्ट’. मग त्यावरून काढलेले जन्मवर्ष आधारशी दोन-तीन वर्षांनी चुकते आणि नोंद सापडतच नाही. शाळेत घालताना मास्तरांनी सरसकट १ जून लावलेली पिढी या जिल्ह्यात मोठी आहे, पण जुळवणीत तारखेपेक्षा वर्ष महत्त्वाचे. केसपेपर काढताना वय न सांगता आधारवरचे जन्मवर्ष सांगितले तर हा घोळ होत नाही.

तिसरी चूक घरातल्या एकाच मोबाईलमुळे होते. एका नंबरवर चार जणांचे आभा असले की लॉगिन करताना चारही नावे समोर येतात. घाईत पहिले नाव दाबले जाते आणि आजीच्या गुडघ्याचा एक्स-रे नातवाच्या खात्यात जाऊन बसतो. तो तिथून हलवणे रुग्णाच्या हातात नसते. ज्या हॉस्पिटलने जोडला त्यांनाच दुरुस्ती करावी लागते.

आभा म्हणजे पाच लाख नव्हेत

सर्वांत मोठा गैरसमज हा. आभा कार्ड दाखवून बिल माफ होत नाही; तो केवळ नोंदींचा क्रमांक आहे. उपचाराचा खर्च देणारी कार्डे वेगळी. केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली; तिचे ते आयुष्मान कार्ड, ज्याला अनेक जण अजून गोल्डन कार्ड म्हणतात. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, ते २९ ऑक्टोबर २०२४ पासून. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. तिचे संरक्षण आता दर कुटुंबास दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत असून पिवळ्या व केशरी रेशनकार्डापुरती मर्यादा उठवून पांढऱ्या कार्डधारकांनाही ती खुली केली आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांनाही ती लागू करण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला.

योजनेचे हॉस्पिटल ऑनलाइन शोधताना नुसते नाव यादीत आहे एवढे पाहून भागत नाही. हॉस्पिटल विभागवार संलग्न असते: हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी यादीत असलेले हृदयासाठी नसू शकते. म्हणून यादी उघडून जिल्हा निवडावा, मग विभाग तपासावा आणि निघण्यापूर्वी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या नंबरवर खात्री करावी. पोहोचल्यावर थेट बिलिंगला न जाता आधी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या मदतनिसाला गाठावे, सोबत रेशनकार्ड आणि फोटो ओळखपत्र असावे. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला आधी ऑनलाइन मंजुरी लागते. रोख भरून दाखल झाल्यावर योजनेत घ्या म्हणणे, ही वादाची ठरलेली सुरुवात. वय वंदना कार्ड काढताना राबलेल्या हातांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. तिथे चेहऱ्यावरून पडताळणीचा पर्याय मागावा.

क्यूआरवर केसपेपर

‘स्कॅन अँड शेअर’ ही सोय ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग रुग्णालयात सुरू झाली आणि मग देशभर पसरली. ओपीडीच्या खिडकीजवळ क्यूआर लावलेला असला तर आभा चालणारे ॲप आधी उघडून त्यातल्या स्कॅनरने तो टिपायचा. पैसे भरण्याचे प्रत्येक ॲप हा कोड ओळखत नाही. पडद्यावर हॉस्पिटलचे नाव येते, आपली माहिती द्यायची का असे विचारले जाते आणि होकार दिल्यावर टोकन मिळते. हे टोकन नोंदणीच्या खिडकीचे असते, डॉक्टरांच्या नंबरचे नव्हे; ते हातात घेऊन थेट डॉक्टरांच्या दारात उभे राहणाऱ्याला परत यावे लागते. खिडकीवर विभाग सांगून केसपेपर घ्यावाच लागतो. वाचतो तो नाव-पत्ता सांगण्याचा आणि चुकीच्या स्पेलिंगचा वेळ. ॲप घरीच उतरवून लॉगिन करून ठेवावे. रांगेत उभे राहून ओटीपीची वाट पाहण्यात सोयीचा सगळा फायदा निघून जातो.

नोंदी कुठे राहतात

आभामध्ये रिपोर्ट ‘साठवलेले’ नसतात. ते ज्या हॉस्पिटल-लॅबने तयार केले त्यांच्याच संगणकावर राहतात. आभा फक्त ते कुठे आहेत हे सांगतो आणि संमती मिळाली की मागवून देतो. त्यामुळे त्यांची यंत्रणा बंद असेल तर रिपोर्ट दिसत नाही, आणि लॅब या व्यवस्थेत आलीच नसेल तर कधीच दिसणार नाही. संमतीच्या विनंतीत कोण मागतो, कशासाठी, कोणत्या प्रकारचे कागद, कोणत्या तारखांमधले आणि किती काळापर्यंत हे सगळे लिहिलेले असते. तारखा कमी करता येतात, नकार देता येतो, दिलेली संमती मागेही घेता येते. बरेच जण न वाचता होकार दाबतात.

तूर्त खासगी लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून येणे हीच कोल्हापुरातली खरी व्यवस्था आहे. ती वाईट नाही, पण फोन बदलला की संपते. पीडीएफ आली त्याच दिवशी ‘२०२५-०३ आई क्रिएटिनिन’ असे नाव देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये टाकावी आणि एक प्रत दुसऱ्या फोनवर ठेवावी. एक्स-रे फिल्मचा खिडकीसमोर धरून काढलेला फोटो डॉक्टरांच्या फारसा कामाचा नसतो. सीटी-एमआरआयची मूळ सीडी किंवा लिंक मागून घ्यावी. लिंकची मुदत संपते, तेव्हा ती वेळीच उतरवून घ्यावी.

दूरवरून सल्ला

ई-संजीवनी ही सरकारी सेवा दोन प्रकारे चालते: रुग्ण घरून थेट डॉक्टरांशी बोलतो, किंवा उपकेंद्रातील आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून मोठ्या केंद्रातील डॉक्टरांना जोडून देतात. गगनबावडा, राधानगरी, पश्चिम शाहूवाडी या भागांत रेंज बेभरवशाची, तिथे दुसरा प्रकार जास्त चालण्यासारखा. आवाज तुटायला लागला की व्हिडिओ बंद करून फक्त आवाज ठेवावा. चट्टा किंवा जखम दाखवायची असेल तर उजेडात काढलेला फोटो आधीच तयार असावा. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असायला हवा, आणि गुंगीची व परिशिष्ट ‘एक्स’ मधली (कडक नियंत्रणाखालच्या यादीतली) औषधे अशा सल्ल्यावर लिहिता येत नाहीत. छातीत दुखणे, एक बाजू लुळी पडणे, दम लागणे यांत ॲप उघडत बसू नये. १०८ ला फोन करावा.

घरची यंत्रे

दंडावरचे बीपी यंत्र हे यांतले सर्वांत उपयोगाचे आणि सर्वांत चुकीचे वापरले जाणारे. नेहमी मिळणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. तालमीत कमावलेल्या दंडाला तो आखूड पडतो आणि बीपी आहे त्याहून जास्त दाखवतो. अशांनी मोठा पट्टा वेगळा घ्यावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे वहीत लिहावेत. घड्याळातले बीपी दंडावरच्या यंत्राशी अधूनमधून जुळवावे लागते, त्यामुळे त्याच्या भरवशावर गोळी बदलू नये. घड्याळाचा ईसीजी एकाच लीडचा असतो, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने पाहतो. ठोक्यांची अनियमितता त्यात कळू शकते, हार्ट ॲटॅक नाही. ऑक्सिमीटर गार बोटांवर आणि नेलपॉलिशवर चुकतो. दंडावर चिकटवायचा शुगर सेन्सर रक्तातली नव्हे तर पेशींभोवतालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून जेवणानंतर त्याचा आकडा बोट टोचून आलेल्या आकड्यापेक्षा काही मिनिटे मागे असतो.

रिपोर्टचा फोटो एआय चॅटला दाखवून ‘काय झालंय’ विचारणे आता घरोघरी चालते. शब्दांचा अर्थ समजून घ्यायला आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न काढायला ते बरे. फसगत होते ती एककांत: आपल्याकडे साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, अनेक देशांत मिलिमोलमध्ये. १२६ आणि ७ हे एकच आकडे (१८ ने भागून), पण फोटो नीट वाचला गेला नाही तर उत्तर भलतीकडे जाते. अपलोड करण्यापूर्वी नाव, मोबाईल आणि बारकोडचा भाग कापावा.

औषधांच्या खपाऊ ३०० ब्रँडच्या पाकिटांवर १ ऑगस्ट २०२३ पासून बनलेल्या बॅचना क्यूआर सक्तीचा आहे. तो टिपल्यावर निघालेला बॅच नंबर आणि मुदत पाकिटावर छापलेल्याशी जुळते का ते पाहावे. रक्त हवे असेल तर ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर रक्तपेढ्यांतला साठा दिसतो, पण तो रक्तपेढीने शेवटचा भरला तेव्हाचा. निघण्याआधी फोन करावा.

फसवणूक

हॉस्पिटलचा नंबर इंटरनेटवर शोधला की पहिला दिसणारा नंबर हॉस्पिटलचाच असेल असे नाही. पलीकडचा माणूस ‘अपॉइंटमेंट पक्की करायला दहा रुपये भरा’ म्हणून लिंक किंवा एपीके फाईल (फोनमध्ये परस्पर ॲप बसवणारी फाईल) पाठवतो. ती बसवली की ओटीपी परस्पर वाचले जातात. नंबर जुन्या केसपेपरवरून किंवा बिलावरून घ्यावा. परतावा मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाते आणि गोठवायला काही उरत नाही.