दुधाच्या दाढांचे कॉन्टॅक्ट तपासायचेत? एथिक्स कमिटीकडून अर्ज परत का येतो ते आधी वाचा

सिनॉप्सिसचा (थिसिसच्या आराखड्याचा) सीझन आला की पीडोच्या (बालदंतशास्त्राच्या) पीजींचे, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे, फोन सुरू होतात, मॅडम क्वेरी आलीय, मॅडम अर्ज परत आला, आता काय करू. विषय बऱ्याच जणांचा सारखाच असतो, दुधाची पहिली आणि दुसरी दाढ एकमेकींना कशी टेकते ते बघायचं. चेन्नईच्या बालदंततज्ज्ञांनी २०१८ मध्ये ऑक्सिस वर्गीकरण मांडलं तेव्हापासून तर हा विषय जास्तच आवडीचा झालाय. वरून बघायचं, मधे फट दिसली तर ओ, एका बिंदूला टेकल्या तर एक्स, सरळ रेषेत टेकल्या तर आय, वळण घेऊन टेकल्या तर एस. विषय चांगला आहे यात वादच नाही, कारण दाढा घट्ट चिकटलेल्या असल्या की मधली कीड आईला दिसत नाही, आपल्यालाही दिसत नाही, आणि पोर रात्री रडायला लागतं तोवर ती दाताच्या नसेपर्यंत पोचलेली असते.

एथिक्स कमिटीत, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीत, अर्ज अडकतो तो पद्धतींवर. सिनॉप्सिस भारी दिसावा म्हणून एका ओळीत लिहून टाकतात, "क्लिनिकल तपासणी, फोटो, मॉडेल, बाइटविंग व सीबीसीटीद्वारे तपासणी करण्यात येईल" (बाइटविंग म्हणजे दाढांमधली कीड दाखवणारा छोटा एक्स-रे, सीबीसीटी म्हणजे एक्स-रेनेच काढलेला त्रिमितीय स्कॅन). तुमच्यासाठी ती एक ओळ असते पण कमिटीला त्यात पाच वेगळ्या गोष्टी दिसतात, प्रत्येकीचा धोका वेगळा आणि प्रत्येकीचे कागद वेगळे. म्हणून आधी पद्धत ठरवा, मग फॉर्म उघडा.

आरसा, लाइट, कापसाने दाढ कोरडी करून डोळ्याने बघणं, फार तर फ्लॉस (दातांमधून फिरवायचा दोरा) घालून बघणं, एवढंच असेल तर धोका किमान आहे असं लिहून अर्ज सहज पुढे सरकतो. फोटो काढणार असाल तर फोटोची संमती वेगळी घ्या, चेहरा येणार नाही आणि फोटो कोणाच्या कॉम्प्युटरवर राहणार तेही लिहा. दातांच्या प्लास्टरच्या मॉडेलसाठी माप घेणार असाल तर तीन वर्षांच्या पोराच्या तोंडात अल्जिनेट (माप घ्यायचा मऊ लगदा) भरलेला ट्रे जाणारे हे विसरू नका. उमासे येतात, पोर घाबरतं, आणि कमिटीतल्या डॉक्टर नसलेल्या मेंबरचा पहिला प्रश्न हाच असतो की मूल रडलं तर काय करणार. "मूल नको म्हणालं की तिथेच थांबू, धरून ठेवणार नाही" हे वाक्य प्रोटोकॉलमध्ये स्पष्ट हवं. सेपरेटर (दोन दाढांमध्ये घालायचं रबराचं छोटं कडं) घालून बघू असं पण कोणीतरी लिहितं, पण अहो सेपरेटर घातला की कॉन्टॅक्टच उघडतो, मग प्रकार कसला ठरवणार, तो दोन दाढांमधली कीड बघायला ठीक आहे.

एक्स-रेवर सगळ्यात जास्त अर्ज परत येतात. धडधाकट मुलाला फक्त तुमच्या थिसिससाठी रेडिएशन द्यायचं हे पटवून देणं अवघड आहे आणि अवघड असायलाच हवं. बाइटविंग ज्या मुलाला उपचारासाठी लागणारच होतं त्याचंच वापरा, आणि ते कशासाठी सांगितलं होतं याची केस पेपरवर नोंद हवी. सीबीसीटी तर नव्याने मागूच नका, डिपार्टमेंटमध्ये दुसऱ्या कारणाने आधीच काढलेले स्कॅन असतील तर नाव काढून ते वापरायची परवानगी मागा, सोबत संमतीतून सूट मिळावी असा वेगळा विनंती अर्ज जोडा, तो जोडायचा असतो हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. नव्याने एक्स-रे काढणार असाल तर मशीनच्या एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ) परवानगीची कॉपी पण लावा. ती त्यांच्या ईलोरा पोर्टलवरून निघते, कॉलेजमध्ये कोणाच्या लॉगिनमध्ये आहे ते शोधण्यातच दिवस जातात आणि सापडली की कळतं मुदत संपलीय, म्हणून हा कागद सगळ्यात आधी मागा.

आता संमतीपत्र. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाचं वेगळं सहमतीपत्र (मुलाने स्वतः हो म्हटल्याचं) लागत नाही, पालकांची लेखी संमती लागते, आणि धोका किमान असेल तर सहसा एका पालकाची सही चालते. अडचण कुठे येते बघा. अंगणवाडीत मुलाला सोडायला येते आजी, आई शेतात किंवा कामावर, तुम्ही कागद पुढे करता, आजी कौतुकाने अंगठा देते, आणि तो फॉर्म बाद होतो. आजी कितीही सांभाळत असली तरी ती कायदेशीर पालक नाही. म्हणून माहितीपत्रक आदल्या दिवशी घरी पाठवा, आई किंवा वडलांना येता येईल अशी वेळ विचारा, संध्याकाळी थांबायची तयारी ठेवा. पालकाला वाचता येत नसेल तर अंगठ्यासोबत साक्षीदाराची सही हवी, तो साक्षीदार साक्षर आणि तुमच्या टीमबाहेरचा हवा, तुमचा ज्युनिअर चालत नाही.

मराठी फॉर्म म्हणजे इंग्रजी फॉर्म गूगलमध्ये टाकून आलेलं मराठी नव्हे. "आंतरसमीपस्थ संपर्काचे मूल्यमापन" असं लिहिलेला फॉर्म कोणती आई वाचणार? "तुमच्या मुलाच्या दोन दाढांमध्ये फट आहे का ते आरशाने बघणार" एवढं पुरतं. सोबत मराठीवरून परत इंग्रजीत केलेलं भाषांतर आणि ते करणाऱ्याचं सर्टिफिकेट बहुतेक कमिट्या मागतात, आणि हा कागद शेवटच्या दिवसापर्यंत कोणाकडेच नसतो. मराठीच्या एखाद्या प्राध्यापकांना महिनाभर आधीच विनंती करून ठेवा.

अंगणवाडीत जाणार असाल तर बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं पत्र लागतं, खासगी बालवाडीत मुख्याध्यापकांचं. सेविका ताई "या की कधीही" म्हणाल्या ही परवानगी होत नाही. आणि अधिकाऱ्यांचं पत्र आलं म्हणजे पालकांची संमती झाली असंही होत नाही, हे दोन्ही वेगळे कागद आहेत. कार्यालयात आधी एथिक्सचं पत्र आणा म्हणतात आणि कमिटी म्हणते आधी कार्यालयाचं आणा, यात पीजींचे हाल होतात आणि त्याचं कोणालाच काही वाटत नाही. "एथिक्स मंजुरीच्या अधीन राहून" अशा शब्दांत पत्र मागा, सहसा मिळतं.

कोणती मुलं घेणार हे पण नेमकं लिहा. वय तीन ते चार असेल तर जन्मदाखला किंवा अंगणवाडीच्या रजिस्टरमधली तारीख हवी, अंदाज चालत नाही. चारही बाजूंच्या दोन्ही दाढा पूर्ण आलेल्या, टेकणाऱ्या बाजूला कीड, फिलिंग किंवा कॅप नको. ज्यांच्यात कीड सापडेल त्यांचं काय, हा प्रश्न येणारच, आणि "रेफर करण्यात येईल" एवढ्यावर कमिटी ऐकत नाही, ऐकूही नये. कुठे पाठवणार, खर्च कोण देणार, पालकांच्या हातात चिठ्ठी मराठीत देणार का ते लिहा.

बाकी गाइडचं जीसीपी (संशोधनाच्या योग्य पद्धतींच्या प्रशिक्षणाचं) सर्टिफिकेट, सीव्ही, बजेट, एचओडींची सही, हे नेहमीचंच.

तारखांचा घोळ दरवर्षी होतो. नोटीसवरची तारीख मीटिंगची असते, अर्ज त्याच्या बरेच दिवस आधी द्यायचा असतो, आणि विद्यापीठाची सिनॉप्सिसची तारीख ही सहसा कॉलेजने पाठवायची तारीख असते, तुमची त्याच्या आधीच संपते. सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायल्सच्या भारतातल्या नोंदणीवर) एथिक्सचं मंजुरीपत्र अपलोड करावं लागतं, त्यामुळे तो नंबर नंतरच मिळणार, पण पहिलं मूल तपासायच्या आधी मिळायला हवा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे आधी काम सुरू करून मागून नोंदणी होत नाही. तुमचा अभ्यास फक्त निरीक्षणाचा असला तरी कॉलेजला नंबर लागतो का ते लेखी विचारून घ्या.

आणि मंजुरी मिळाल्यावर मधेच डिपार्टमेंटला नवा इंट्राओरल स्कॅनर (तोंडात फिरवून दातांचं डिजिटल चित्र घेणारा) आला म्हणून मापाऐवजी तो वापरायला लागू नका. आधी दुरुस्तीचा अर्ज द्या, बदललेलं संमतीपत्र जोडा, कमिटीचं उत्तर येईपर्यंत जुन्याच पद्धतीने चालू ठेवा.