विमानतळ संचालनात नोकरी: पात्रता, अर्ज आणि पाच वर्षांचा कागदोपत्री हिशोब

विमानतळाच्या ऑपरेशन्स विभागात यायचं म्हणणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणती पदवी घेऊ? प्रश्न रास्त आहे. पण पदवी तुम्हाला मुलाखतीपर्यंत नेते. धावपट्टीकडच्या फाटकातून आत सोडतो तो सुरक्षा पास, आणि तो मिळतो तुमच्या मागच्या काही वर्षांच्या कागदांवर. म्हणून या लेखात पदवीपेक्षा कागदांवर जास्त लिहिलं आहे.

आधी हे काम कसं असतं ते एका फेरीत बघू. पहाट व्हायची आहे. ड्युटी ऑफिसर गाडीच्या छतावरचा पिवळा दिवा लावून धावपट्टीच्या अलीकडे थांबला आहे. टॉवरची परवानगी रेडिओवर येते, तो ती परत म्हणून दाखवतो आणि मगच गाडी पुढे घेतो. हेडलाइटच्या उजेडात काहीतरी चमकतं. उतरून बघतो तर बोटाएवढा बोल्ट. तो उचलायचा, कुठे सापडला ते लिहायचं, बंद पडलेले दिवे मोजायचे, मेलेला पक्षी दिसला तर त्याचीही नोंद करायची आणि बाहेर आल्यावर धावपट्टी मोकळी केल्याचं टॉवरला कळवायचं. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ कॉंकॉर्ड कोसळलं आणि ११३ माणसं गेली. त्या अपघाताची सुरुवात आधीच्या विमानातून धावपट्टीवर पडलेल्या एका धातूच्या पट्टीपासून झाली होती. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, हिच्या नियमांच्या परिशिष्ट १४ मध्ये मोठ्या धावपट्ट्यांच्या विमानतळांवर दिवसातून किमान दोनदा तपासणी सांगितली आहे ती याचसाठी. ती फेरी कोणीतरी रोज मारावी लागते, सणासुदीला आणि भर पावसातही. शिफ्ट जमणार नसेल तर हे क्षेत्र निवडू नका, असं मी स्पष्टच सांगेन.

पात्रता कोण ठरवतं?

वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या परवान्यांचे निकष आयकाओच्या परिशिष्ट १ मध्ये आहेत. विमानतळ संचालन अधिकाऱ्यासाठी तिथे असा परवाना नाही. त्यामुळे शिक्षण किती, वय किती, अनुभव किती हे नोकरी देणारी संस्था आपापल्या जाहिरातीत ठरवते. इथे नावांचा एक घोळ नेहमी होतो. ‘फ्लाइट ऑपरेशन्स ऑफिसर’ हे विमान कंपनीतलं वेगळं पद आहे. तो उड्डाणांचं नियोजन करतो आणि त्याच्या परवान्याचा उल्लेख परिशिष्ट १ मध्ये आहे. त्यासाठी किमान वय २१ वर्षं. अर्ज भरण्याआधी जाहिरात नक्की कोणत्या पदाची आहे ते दोनदा वाचा.

विमान वाहतूक व्यवस्थापन, अभियांत्रिकी, लॉजिस्टिक्स अशा पदव्यांना प्राधान्य मिळतं, पण ग्राउंड हँडलिंग (विमानाची जमिनीवरची सेवा), रॅम्प (उभ्या विमानाजवळचं काम), अग्निशमन, हवाई दल किंवा प्रवासी सेवेतून आलेली माणसंही या विभागात असतात. ‘मॅनेजर’ हा शब्द शोधत बसू नका. नवीन माणसाला दार उघडतं ते एअरसाइड (विमानं फिरतात तो आतला भाग) ऑपरेशन्स ऑफिसर, टर्मिनल ड्युटी ऑफिसर, ऑपरेशन्स कंट्रोल सेंटरमधला सहायक, विमानांना उभं राहायची जागा नेमून देणारा समन्वयक अशा पदांचं. व्यवस्थापक व्हायचं असेल तर या खुर्च्यांवर काही वर्षं काढावीच लागतात.

अर्जात ‘टीममध्ये काम करायची आवड’ असं लिहिण्यापेक्षा एखादी घटना लिहा: कुठे काय बिघडलं, तुम्ही कोणाला कळवलं, नोंद कुठे केली. या खात्याचं निम्मं काम नोंदीचं आहे. चार ओळींत घटना नीट मांडणारा माणूस मुलाखत घेणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो.

पास: खरी परीक्षा इथे

विमानतळाच्या सुरक्षित भागाचा पास तुम्ही स्वतःहून जाऊन काढू शकत नाही. अर्ज नोकरी देणाऱ्या संस्थेमार्फत जातो आणि तिच्या अधिकृत सहीदाराची त्यावर सही लागते. म्हणून नियुक्तीपत्रात बहुतेक वेळा ‘पार्श्वभूमी पडताळणी समाधानकारक ठरल्यास’ अशी अट असते. ती नुसती औपचारिकता समजू नका. पडताळणी पूर्ण होऊन पास हातात पडेपर्यंत सध्याची नोकरी सोडू नये, हा माझा ठाम सल्ला.

पडताळणीचं मूळ आयकाओच्या परिशिष्ट १७ मध्ये आहे. तपशील देशागणिक बदलतो. युरोपीय संघात ओळख, राहिलेल्या प्रत्येक देशातली गुन्हेगारी नोंद आणि किमान मागच्या ५ वर्षांचं शिक्षण, नोकरी व मधले खंड तपासतात. खंड म्हणजे २८ दिवसांपेक्षा जास्त काळ. अमेरिकेत बोटांचे ठसे घेऊन गुन्हेगारी इतिहास तपासतात आणि ठरावीक यादीतल्या गुन्ह्यात मागच्या १० वर्षांत दोषी ठरलेल्याला पास मिळत नाही.

बहुतेकांची गाडी अडते ती खंडावर. समजा, जून २०२१ मध्ये पदवी संपली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पहिली नोकरी लागली. मधले तीन महिने तुम्ही घरी अभ्यास करत होता. यात गैर काही नाही, पण फॉर्ममध्ये ती जागा कोरी ठेवली तर अर्ज परत येऊ शकतो. तिथे सरळ लिहा: जुलै ते सप्टेंबर २०२१, नोकरीच्या शोधात, अमुक पत्त्यावर वास्तव्य. त्या काळात तुम्हाला ओळखणाऱ्या, पण नात्यात नसलेल्या व्यक्तीचं नाव आणि संपर्क हाताशी ठेवा. कोणाचा संदर्भ चालतो ते तिथल्या नियमांवर ठरतं. तारखा ओढूनताणून जुळवू नका. जुन्या मालकाने वेगळी तारीख कळवली की खंडापेक्षा खोटेपणाचा प्रश्न मोठा होतो.

हे काम जाहिरात यायच्या आधीच करून ठेवता येतं. एका कागदावर मागची पाच वर्षं महिन्यामहिन्याने मांडा, हवं तर दहा. प्रत्येक ओळीसमोर पुरावा लिहा: गुणपत्रिका, नियुक्तीपत्र, कार्यमुक्तीपत्र, पगारपत्रक, भाडेकरार. जिथे पुरावा नाही तिथे आजच पत्र मागा. बंद पडलेल्या कंपनीतून कागद मिळवायला किती हेलपाटे पडतात, हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक.

सोबत पासपोर्ट किंवा अन्य छायाचित्रित ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा, शैक्षणिक प्रमाणपत्रं, रहिवासाचा पुरावा, परदेशात राहिला असाल तर तिथल्या पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र आणि परक्या देशात नोकरी असेल तर कामाचा परवाना लागतो. सगळ्या कागदांवर नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. लग्नानंतर बदललेलं आडनाव, एका ठिकाणी वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर, अशी तफावत असेल तर ती आधी दुरुस्त करा किंवा नावबदलाचा अधिकृत कागद जोडा. पोलिसांचं प्रमाणपत्र मात्र फार आधी काढू नका, अर्जाच्या वेळी ते ताजं असावं लागतं.

पासनंतर

सुरक्षा जागरूकतेचं प्रशिक्षण पासच्या प्रक्रियेचाच भाग असतं. त्यापुढे येतो एअरसाइडला गाडी चालवण्याचा परवाना. रस्त्यावरचा वाहन परवाना असला तरी हा वेगळा काढावा लागतो. आधी फक्त एप्रनपुरता, म्हणजे विमानं उभी राहतात तेवढ्या भागापुरता मिळतो. टॅक्सीवे, म्हणजे एप्रन आणि धावपट्टी जोडणारा विमानांचा रस्ता, आणि धावपट्टीवर जायचं तर रेडिओ संभाषण, नकाशा आणि प्रत्यक्ष फेऱ्या, तिन्हींची परीक्षा द्यावी लागते. रंग नीट ओळखता येतात ना, हे आधीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. टॅक्सीवेच्या कडेचे दिवे निळे, मधल्या रेषेचे हिरवे, धावपट्टीच्या कडेचे पांढरे आणि थांबायची ओळ लाल असते. रात्री पावसात त्या दिव्यांवरूनच आपण कुठे आहोत ते कळतं.

कामावर असताना शिकणं थांबत नाही. अमेरिकेच्या विमानतळांसाठीच्या पार्ट १३९ नियमात विमानतळ कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण दर १२ महिन्यांत किमान एकदा व्हावं लागतं. परिशिष्ट १४ प्रमाणे विमानतळाचा पूर्ण आपत्कालीन सराव दोन वर्षांच्या आत एकदा होतो. त्यात नुसतं उभं राहू नका, नोंदी घ्यायचं काम मागून घ्या.

पुढे व्यवस्थापनाकडे वळायचं असेल तर विमानतळांची जागतिक संघटना एसीआय आणि आयकाओ यांचा संयुक्त मान्यता कार्यक्रम आहे, नाव एम्पॅप. चार अनिवार्य आणि दोन ऐच्छिक असे सहा अभ्यासक्रम तीन वर्षांत पुरे केले की ‘इंटरनॅशनल एअरपोर्ट प्रोफेशनल’ ही उपाधी मिळते. अमेरिकेतल्या विमानतळ अधिकाऱ्यांच्या संघटनेची ‘सर्टिफाइड मेंबर’ परीक्षा बहुपर्यायी १८० प्रश्नांची असते. एम्पॅप प्रत्यक्ष व्यवस्थापनातल्या लोकांसाठी आहे, त्यामुळे नोकरी लागायच्या आधी त्यावर पैसे घालू नयेत असं मला वाटतं.

आणि नोकरी बदलताना पास परत करा, परत केल्याची पोच लेखी घ्या आणि ती त्याच पाच वर्षांच्या कागदाला टाचून ठेवा. पुढच्या विमानतळाच्या फॉर्ममध्ये आधीच्या पासबद्दल विचारलं गेलं तर तीच पोच दाखवता येते.