राण्यांची जोडी आणि न उघडलेली पानं

दिवाळीच्या दिवसांत इंदूरला रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर या भागांतल्या मराठी घरांत रात्रीची जेवणं उरकली की सतरंजी पसरते आणि पत्ते पिसले जातात. बहुतेक घरांत तीन पत्तीच. पैशांच्या जागी चिंचोके किंवा काडेपेटीतल्या काड्या. आणि रात्री केव्हातरी कुणीतरी पानं खाली टाकून म्हणतंच, "एक्क्यांची जोडी होती हो, तरी गेलो!" मग सगळे मिळून नशिबाला बोल लावतात. मला मात्र तिथे नशिबापेक्षा मोजणीची चूक जास्त दिसते, आणि ती फार शिकवून जाणारी चूक आहे.

आधी तीन पत्तीचंच बघू. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांतले जोडीला हरवणारे किती? ट्रेल (तिन्ही पानं सारखी) ५२, प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाची ओळीने तीन) ४८, साधा सिक्वेन्स (ओळीने तीन, पण चिन्हं वेगळी) ७२० आणि कलर (एकाच चिन्हाची, पण ओळ नाही) १,०९६. एकूण १,९१६, म्हणजे शेकडा नऊच्याही आत. (जाता जाता: प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ आहे, तरी खेळात ट्रेल वरचढ धरतात. गणिताने नियम ठरवले असते तर हा क्रम उलटा लागला असता.) तेव्हा समोर एकच जण असेल तर एक्क्यांची जोडी १०० पैकी साधारण ९१ वेळा सरस ठरते. इथपर्यंत आपला अंदाज बरोबर असतो. पण सतरंजीवर सात जण बसलेले असतात. सहा जणांपैकी एकाकडेही वरचा हात नाही, असं व्हायला ती ९१ टक्के शक्यता सहा वेळा स्वतःशीच गुणावी लागते. उत्तर येतं ढोबळमानाने ५८ टक्के. पानं तीच, जोडी तीच, फक्त माणसं वाढली आणि जवळजवळ खात्रीचा हात अर्ध्याच्या थोडा वर येऊन बसला.

हाताचं बळ नुसत्या पानांत नसतं. समोर किती जण आहेत आणि अजून काय उघडायचं आहे, या दोन्हींवर ते ठरतं. तीन पत्तीत नवीन पान येत नाही, त्यामुळे दुसरा धोका तिथे नाहीच. तो बघायचा तर पोकरकडे, टेक्सस होल्डमकडे जावं लागतं. त्यात प्रत्येकाला दोन पानं झाकलेली मिळतात आणि मध्ये सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात: आधी तीन एकदम, तो फ्लॉप, मग चौथं, टर्न, मग पाचवं, रिव्हर. सातांतून प्रत्येकाचा सर्वांत चांगला पाच पानांचा हात धरायचा. प्रत्येक टप्प्यावर चाल, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर नवा निर्णय.

होल्डममध्ये पहिल्या दोन पानांत एक्क्यांची जोडी २२१ डावांत सरासरी एकदा येते. त्याहून चांगली सुरुवात नाही. शेवटपर्यंत सगळी पानं उघडू दिली, तर वाटेल ती पानं आलेल्या एका जणाविरुद्ध ती सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते, तिघांविरुद्ध ६४, पाच जणांविरुद्ध ४९ आणि नऊ जणांविरुद्ध अवघी ३१ टक्के. हे आकडे बघून पुष्कळ जण लगेच ठरवतात की एक्के आले म्हणजे सगळ्यांना हाकलायचं. इथे थोडं थांबायला हवं. दहा जणांनी शंभर शंभर चिंचोके लावले तर पॉट, म्हणजे मध्ये जमलेला ढीग, हजाराचा, आणि त्यातला ३१ टक्के वाटा म्हणजे ३१०. शंभर घालून सरासरी ३१० परत! एकाच्या समोर शंभर घालून १७० परत येतात. म्हणजे गर्दीत एक्के जास्त वेळा हरतात, पण सरासरीने जास्त मिळवून देतात. किती वेळा जिंकलो आणि पॉटमधला किती हिस्सा आपला, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हरण्याचं दुःख आपण मोजतो, हिस्सा मोजत नाही.

पण हे गणित सगळे चिंचोके आधीच मध्ये पडले असतील तेव्हाचं. खऱ्या डावात फ्लॉपनंतरही चाली उरतात, आणि मजबूत पण कच्च्या हाताची, म्हणजे आत्ता पुढे असला तरी पुढच्या पानाने मागे पडू शकणाऱ्या हाताची, खरी परीक्षा तिथे होते. तुमच्याकडे इस्पिक राणी आणि चौकट राणी आहे असं समजा. फ्लॉपवर आलं: बदाम दश्शी, किलवर चौव्वी, चौकट दुर्री. समोरच्याकडे एक्का आणि दश्शी, म्हणजे त्याची दश्शीची जोडी. त्याला वाचवू शकणारी पानं पाचच: दोन दश्श्या आणि तीन एक्के. दोन पानं अजून उघडायची आहेत, तरी तो साधारण पाचांत एकदाच पुढे जाईल. हा फ्लॉप कोरडा, म्हणजे समोरच्याला सुधारायला फारसा वाव नसलेला.

आता राण्या त्याच ठेवा आणि ओला फ्लॉप घ्या: बदाम दश्शी, बदाम नव्वी, किलवर चौव्वी. समोरच्याच्या हातात बदाम गुलाम आणि बदाम अठ्ठी. या क्षणी त्याच्याकडे काही नाही, साधी जोडीसुद्धा नाही. तुम्ही स्पष्ट पुढे आहात. पण उरलेल्या नऊ बदामांतला कुठलाही आला तर त्याचा फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पानं, होतो. किलवर राणी आली तर तुमच्या तीन राण्या होतात आणि त्याचा मात्र सिक्वेन्स! बदामाखेरीजच्या तीन सत्त्याही त्याच्याच. एकूण तेरा पानं. उरलेल्या ४५ पानांतून दोन पानांच्या ९९० जोड्या होतात. त्या सगळ्या हाताने तपासल्या, त्याचा फ्लश झाल्यावर मागून तुमचा फुल हाऊस (तीन सारखी आणि एक जोडी) होण्यासारखे दुर्मीळ प्रसंगही धरले, तर तुम्ही ५०१ जोड्यांत जिंकता आणि तो ४८९ मध्ये. "पुढे असणं" म्हणजे इथे नाणं उडवण्याइतकंच उरलं.

महाभारताच्या वनपर्वात नलाची गोष्ट आहे. सारथी झालेल्या नलाला ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या दोन फांद्यांवरची पानं आणि फळं किती, ते सांगतो. नल झाड तोडून मोजतो तर संख्या बरोबर! पुढे नल त्याच्याकडून अक्षहृदय शिकतो, म्हणजे फाशांचं रहस्य. द्यूत आणि मोजणी यांचा संबंध इतक्या जुन्या काळी आपल्याकडे कुणाला तरी दिसला होता, याचा मला फार आनंद वाटतो.

मोजून झालं, पुढे काय करायचं? माझ्या भाच्याने गेल्या दिवाळीत हेच विचारलं होतं: "मामा, हात कच्चा आहे हे कळलं, मग सगळं लावून मोकळं व्हायचं का?" मी त्याला म्हटलं, "आधी पुढच्या पानाची किंमत काढ." आम्ही सतरंजीवरच आकडेमोड केली. ती इथे देतो, कारण सगळं मर्म तिच्यात आहे.

टर्न उघडला आहे, एकच पान बाकी आहे. पॉटमध्ये १०० चिंचोके. समोरचा फक्त बदामाच्या फ्लशची वाट बघतोय असं धरा. त्याला न दिसलेली ४६ पानं, त्यांतली नऊ त्याची. शक्यता २० टक्क्यांच्या किंचित आत. तुम्ही काहीच लावलं नाही, तर पाचवं पान तो फुकट बघतो. तुम्ही २० लावले, तर त्याला २० घालून १२० मिळवायची संधी मिळते, आणि सरासरी तो सात चिंचोके कमावतो. तुम्ही ६० लावले आणि तो आला, तर दर वेळी सरासरी १७ चिंचोके गमावतो. तो पॅक झाला, म्हणजे पानं टाकली, तर पॉटमधला त्याचा वीस चिंचोक्यांचा हिस्सा सोडून जातो. दोन्हींत तुमचंच भलं. त्याचा नफाही नाही आणि तोटाही नाही, अशी रेघ येते सुमारे ३२ चिंचोक्यांवर, म्हणजे पॉटच्या तिसऱ्या हिश्शाजवळ. तिच्या खाली लावलं तर तुम्ही त्याला सवलत दिलीत.

इथे भाच्याने बरोबर नस पकडली. "पण मामा, बदाम आल्यावर मी परत पैसे दिले तर?" अगदी हेच! रिव्हरवर बदाम पडला, त्याने ६० लावले आणि तुम्ही "राण्या आहेत ना" म्हणून ते दिले, तर त्याला परवडण्याची रेघ ३२ वरून ५१ वर चढते. तुम्ही नंतर जे देणार आहात, तेही त्याच्या आजच्या हिशेबात जमा असतं. म्हणून अशा हाताचं रक्षण दोन ठिकाणी होतं: पान उघडायच्या आधी योग्य किंमत लावून, आणि नको ते पान उघडल्यावर हात खाली ठेवून. पहिलं बहुतेकांना जमतं. दुसरं जमत नाही, कारण मघाशी चांगल्या असलेल्या राण्या अजूनही चांगल्याच दिसत राहतात.

सगळं लावून टाकण्यातली अडचण वेगळी आहे. कोरड्या फ्लॉपवर पॉटच्या तिप्पट लावलं तर दश्शीवाला निघून जातो, आणि त्याच्याकडूनच तर तुम्हाला मिळायचं होतं. थांबतो तो ज्याच्याकडे चौव्व्यांची जोडी होती आणि आता तीन चौव्व्या झाल्या आहेत. हातात जोडी असताना फ्लॉपवर तिसरं पान जुळण्याची शक्यता १२ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखी नाही. कमकुवत हात पळून जातील आणि फक्त वरचे हात राहतील, अशी चाल मजबूत हातालाच गोत्यात आणते. ओल्या फ्लॉपवर भारी किंमत, कोरड्यावर माफक.

जोडी जितकी खालची, तितकी ती लवकर झाकोळते. हातात राजांची जोडी असताना फ्लॉपवर एक्का दिसण्याची शक्यता २३ टक्के. राण्यांवर एक्का किंवा राजा येण्याची ४१. गुलामांवर त्यांच्याहून मोठं पान येण्याची ५७, म्हणजे निम्म्याहून जास्त. गुलामांची जोडी आली की फ्लॉपच्या आधीच नीट किंमत लावावी असं मी म्हणतो, ते याच आकड्यामुळे.

यावर एक आक्षेप रास्त आहे: कच्च्या हातावरच नेहमी मोठी चाल केली, तर समोरचा ओळखून असेल. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये खेळांच्या सिद्धांताचा पाया घातला, तेव्हा पोकरमधली ही लपाछपी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. उत्तर असं की त्याच आकाराची चाल कधी मजबूत हातावर, कधी रिकाम्या हातावर, ठरावीक प्रमाणात मिसळून करायची. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या टुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांच्या लिब्राटस या संगणक प्रणालीने २० दिवसांत १,२०,००० डाव खेळून चार व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. पॉटहून मोठ्या चाली ती सहज करायची, आणि त्यांनी ते खेळाडू गोंधळून जायचे. माणसाचे अनुभव तिला शिकवले नव्हते. स्वतःशीच असंख्य डाव खेळून ती ही प्रमाणं शिकली होती.

२०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. मला त्याचं वाईट वाटत नाही. हे गणित चिंचोक्यांवर तितकंच खरं आहे, आणि बारावीतल्या मुलाला संभाव्यता शिकवायला याहून चांगला फळा मला माहीत नाही.

रिव्हर उघडली की मात्र हे सगळं एकदम बदलतं. आता एकही पान बाकी नाही, म्हणजे हात कच्चा असण्याचा प्रश्नच संपला. तो एक तर वरचढ आहे किंवा नाही. किंमत लावून अडवण्यासारखं काही उरलेलं नाही. आता चाल करायची ती दोनच कारणांनी: खालचा हात पैसे देईल म्हणून, किंवा वरचा हात घाबरून जाईल म्हणून. राण्यांच्या समोर तीन बदाम आणि एक एक्का पडलेला असेल, तर खालचे हात देणार नाहीत आणि वरचे जाणार नाहीत. तिथे हात पुढे न करता नुसतं "चेक", म्हणजे काही न लावता पुढे, म्हणायचं आणि समोरचा काय लावतो ते बघायचं.