सैन्याच्या गाडीवर उभा राहिलेला गुरांचा धंदा

अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धानंतर (१८६१–६५) टेक्सासमध्ये गुरांचे जे बडे मालक पुढे आले, त्यांत चार्ल्स गुडनाईटचं नाव पहिल्या दोन-तिघांत घेतलं जातं. सैन्यातून सुटला, गुरं हाकली आणि मोठा झाला, असं त्याचं चरित्र एका दमात सांगून टाकतात. यात खोटं काही नाही, पण अर्धं सांगायचं राहून जातं. गुडनाईट १८६४ साली सैन्यातून सुटला खरा, पण सैन्य काही त्याच्या धंद्यातून सुटलं नाही. वाट काढायची विद्या त्याला तिथेच मिळाली, सामानाची गाडी लष्कराच्या मोडीतली होती आणि पहिलं मोठं गिऱ्हाईक सरकारी छावणी होती. पुढे ज्या कुरणावर तो लखपती झाला, तेही एका लढाईने रिकामं झालेलं होतं.

त्याचा जन्म ५ मार्च १८३६ चा, इलिनॉयमधला. तीनच दिवस आधी टेक्सासने मेक्सिकोपासून स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. वडील लवकर गेले, आईने दुसरं लग्न केलं आणि कुटुंब टेक्सासला निघालं. पोरगं नऊ वर्षांचं. तो सगळा प्रवास त्याने खोगिराविना घोडीवर बसून केला. शाळा जेमतेम सहा महिने झाली. लिहिण्यावाचण्याचं काम पुढे आयुष्यभर बायकोने सांभाळलं.

विशीत असताना तो आणि त्याचा सावत्र भाऊ वेस शीक यांनी दुसऱ्याची चारेकशे गुरं वाट्याने राखायला घेतली. दर चौथं वासरू त्यांचं, असा करार होता. १८५७ मध्ये ही गुरं घेऊन ते पालो पिंटो परगण्यात गेले. वस्तीच्या पार कडेचा मुलुख होता तो. पलीकडे कोमांचे आणि कायोवा या मूळनिवासी लोकांचा प्रदेश, त्यामुळे दोन्ही बाजूंनी धाडी चालायच्या. गुराख्याला बंदूक बाळगावीच लागे. गुडनाईट टेक्सास रेंजर्स या सरहद्द राखणाऱ्या दलात वाटाड्या म्हणून गेला आणि युद्ध सुरू झाल्यावर टेक्सासच्या सीमा-पलटणीत. टेक्सास दक्षिणेच्या बाजूने लढत होतं, म्हणून त्याची गणना दक्षिणेच्या सैनिकांत होते. पण उत्तरेच्या फौजेशी त्याची गाठ पडली नाही. त्याचं सगळं युद्ध सरहद्दीवर माग काढण्यात गेलं.

माग काढणं म्हणजे मुख्यतः पाणी शोधणं. मातीचं घरटं बांधणारी पाकोळी चोचीत चिखल घेऊन उडत असेल तर ती पाण्यावरून आलेली असते आणि चोच रिकामी असेल तर बहुधा पाण्याकडे निघालेली, असे आडाखे त्याला पाठ होते. दिशेचं त्याचं ज्ञान इतकं पक्कं होतं की होकायंत्र त्याने कधी जवळ बाळगलं नाही.

रेंजर्समधली एक मोहीम इथेच सांगायला हवी, कारण ती पुढे परत येते. डिसेंबर १८६० मध्ये कॅप्टन सल रॉसच्या तुकडीला पीस नदीवरच्या कोमांचे तळापर्यंत नेणाऱ्यांत गुडनाईट होता. त्या हल्ल्यात एक निळ्या डोळ्यांची बाई हाती लागली. ती सिंथिया अॅन पार्कर, चोवीस वर्षांपूर्वी लहानपणी कोमांचेंनी पळवून नेलेली. आता ती त्यांच्यातलीच एक झाली होती. तिला जबरदस्तीने गोऱ्या नातेवाइकांकडे पाठवलं. तिचा मुलगा क्वाना मागे राहिला.

युद्ध संपलं तेव्हा टेक्सासमध्ये गुरं उदंड झाली होती. राखणारे लढाईवर, त्यामुळे कळप मोकाट वाढलेले. जनावराला चार डॉलर मिळाले तरी नशीब, आणि उत्तरेत त्याच जनावराला चाळीस. बहुतेक मालक उत्तरेकडे मिझुरीची वाट धरत होते. गुडनाईटने पश्चिम धरली. एकीकडे सोन्याच्या खाणींमागे धावलेलं कोलोरॅडो होतं, दुसरीकडे न्यू मेक्सिकोतली फोर्ट समनर ही छावणी. या छावणीला मांस का लागत होतं, ते या धंद्याच्या कहाण्यांत ओझरतं येतं. १८६४ मध्ये लष्कराने नाव्हाहो लोकांना त्यांच्या मुलखातून उठवून शेकडो मैल चालवत तिथे आणलं होतं. आठ हजारांवर माणसं बोस्के रेदोंदोच्या त्या उजाड माळावर डांबलेली, पेरलेलं पीक हाती लागत नव्हतं आणि सरकारला त्यांना खाऊ घालणं भाग होतं. गुडनाईटचा पहिला नफा या भुकेतून आला.

जोडीला होता ऑलिव्हर लव्हिंग. वयाने तेवीस वर्षांनी मोठा, गुरं लांब पल्ल्याला नेण्यात मुरलेला. जून १८६६ मध्ये दोन हजार गुरं आणि अठरा माणसं घेऊन दोघे निघाले. निघण्यापूर्वी गुडनाईटने लष्कराची एक जुनी गाडी घेतली, लोखंडी आसाची. तिचं लाकूडकाम काढून टणक बोडार्क लाकडाने ती नव्याने बांधून घेतली आणि मागच्या बाजूला एक उभं कपाट ठोकलं. त्यात खण आणि कप्पे, पीठ-कॉफी-राजमा-मीठ ज्याच्या त्याच्या जागी. कपाटाचं दार बिजागरीवर खाली पडायचं आणि एका पायावर टेकून त्याचं टेबल व्हायचं. बाजूला पाण्याचं पिंप. अशा गाड्यांच्या पोटाखाली पुढे कातड्याची झोळीही आली. वाटेत मिळतील त्या रानशेण्या आणि काटक्या तिच्यात टाकत जायचं. झाडच नसलेल्या माळावर संध्याकाळची चूल त्यावरच पेटायची. हीच ती ‘चकवॅगन’. पुढची वीस-पंचवीस वर्षं गुरांच्या प्रत्येक मोठ्या कळपाबरोबर अशी गाडी दिसते. माझ्या मते गुडनाईटच्या लाखो एकरांपेक्षा हे कपाट जास्त टिकलं.

त्या वाटेवर पेकोस नदीच्या अलीकडे सत्तर-ऐंशी मैलांचा पट्टा होता, पाण्याचा थेंब नसलेला. तो ओलांडायला तीन दिवस आणि तीन रात्री न थांबता चालावं लागलं. सुमारे तीनशे गुरं वाटेत पडली. नदीचा वास येताच उरलेली अशी सुटली की मागून येणाऱ्यांनी पुढच्यांना काठावरून पात्रात ढकललं, आणि आणखी शंभरेक तिथे गेली. उरलेल्यांतले बैल छावणीने जिवंत वजनावर घेतले, पौंडाला आठ सेंटने. हातात आलं बारा हजार डॉलरचं सोनं. गाई-वासरं घेऊन लव्हिंग कोलोरॅडोकडे गेला आणि गुडनाईट नवा कळप आणायला मागे फिरला. एका वादळी रात्री सोनं लादलेलं खेचर उधळलं. धडपडून त्याने ते आवरलं. सोनं राहिलं, शिधा मात्र सांडून गेला. पुढचे काही दिवस खिशात संपत्ती आणि पोटात काही नाही.

वाटेत जन्मलेल्या वासरांचा प्रश्न त्याहून वाईट होता. नवं वासरू कळपाच्या चालीने चालू शकत नाही आणि गाय त्याला सोडून पुढे जात नाही. सुरुवातीला रोज सकाळी रात्रीची वासरं गोळ्या घालून मारत. पुढे गुडनाईटने त्यांच्यासाठी वेगळी गाडी केली. तरी एक अडचण निघाली. दिवसभर एकत्र कोंबलेल्या वासरांचे वास एकमेकांना लागायचे आणि संध्याकाळी गाय आपलंच वासरू हुंगून लाथाडायची. मग प्रत्येक वासराला स्वतंत्र पोतं आलं. पोत्यांवर आकडे घातले, म्हणजे दुसऱ्या दिवशी तेच वासरू त्याच पोत्यात जाईल. शाळेत सहा महिने गेलेल्या माणसाने लावलेला हा शोध आहे.

१८६७ च्या खेपेत लव्हिंग हट्टाने पुढे गेला, सोबत एका हाताचा बिल विल्सन. दिवसा प्रवास करू नका, असं गुडनाईटने बजावलं होतं. पेकोसच्या काठी कोमांचेंनी दोघांना गाठलं. लव्हिंगचं मनगट आणि कूस जखमी झाली. विल्सन रात्री नदीतून निसटला आणि अनवाणी चालत कळपापर्यंत पोचला. लव्हिंगला मेक्सिकन व्यापाऱ्यांनी फोर्ट समनरला नेलं, पण हात सडला, कापायला उशीर झाला आणि २५ सप्टेंबरला तो गेला. परक्या मातीत पुरू नकोस, एवढंच त्याने मागितलं. १८६८ च्या सुरुवातीला गुडनाईटने पुरलेलं प्रेत काढलं, तेलाचे डबे ठोकून सपाट केलेल्या पत्र्याच्या पेटीत कोळशाच्या भुकटीत ठेवलं आणि गाडीवर घालून टेक्सासमधल्या वेदरफर्डला पोचवलं. भागीदारीतला लव्हिंगचा हिस्सा त्याच्या कुटुंबाला दिला.

मग कोलोरॅडोत पुएब्लोजवळ कुरण, १८७० मध्ये मॉली डायर या शिक्षिकेशी लग्न, थोडी बँकेतली पत. १८७३ च्या मंदीत जवळजवळ सगळं बुडालं.

पुन्हा उभं राहायला त्याने टेक्सासच्या उत्तरेतली पालो दुरो दरी निवडली. कडे उभे, तळाला पाणी आणि गवत, वाऱ्याला आडोसा. कुंपणाची गरज नसलेला गोठाच. ती मोकळी सापडली याला कारण २८ सप्टेंबर १८७४. त्या दिवशी कर्नल मॅकेन्झीच्या घोडदळाने दरीतल्या कोमांचे, कायोवा आणि शायान छावण्या उधळल्या. माणसं थोडीच मेली, पण तंबू आणि हिवाळ्याचा साठा जाळला गेला. चौदाशेच्या आसपास घोडे पकडले आणि त्यांतले हजारावर तूले दरीत गोळ्या घालून मारले. घोडा गेल्यावर लढणार कशावर? पुढच्या वर्षभरात त्या टोळ्या सरकारने नेमून दिलेल्या राखीव प्रदेशात गेल्या. १८७६ च्या शरदात गुडनाईट सोळाशे गुरांसह कड्यावर येऊन पोचला. गाडी खाली जाईना, तेव्हा तिचे सुटे भाग करून खेचरांवरून उतरवले.

भांडवल आयर्लंडमधून आलं. जॉन अडेअर हा जमीनदार १८६१ मध्ये डोनेगलमधल्या आपल्या जमिनीवरून ४७ कुळं, म्हणजे २४४ माणसं, हुसकून लावल्याबद्दल बदनाम होता. जून १८७७ च्या कराराने पैसा अडेअरचा, राबणं गुडनाईटचं. पगार वर्षाला २,५०० डॉलर आणि शेवटी एक तृतीयांश वाटा, तोही अडेअरच्या रकमेची दहा टक्के व्याजाने फेड झाल्यावर. कुरणाला नाव दिलं जेए, अडेअरची आद्याक्षरं. भरात असताना तिथे तेरा लाखांवर एकर आणि एक लाख गुरं होती. दारू, जुगार आणि मारामारी बंद, हा तिथला कायदा. पलटणीच्या शिस्तीचा वास त्याला येतोच.

त्या वर्षांतलं सगळ्यांत लक्षात राहणारं पात्र म्हणजे ओल्ड ब्लू हा बैल. गळ्यात पितळी घंटा बांधून तो कळपांना डॉज सिटीच्या रेल्वेपर्यंत न्यायचा. गुरं त्या आवाजामागे चालायला शिकली. रात्री घंटेची जीभ पट्ट्याने बांधून ठेवत. ती वाजली असती तर सगळा कळप उठून चालू लागला असता. त्याची शिंगं पुढे टेक्सासमधल्या कॅन्यन गावच्या संग्रहालयात ठेवली गेली.

१८७८ च्या हिवाळ्यात राखीव प्रदेशातून उपाशी कोमांचे आणि कायोवा रानरेडे (अमेरिकी बायसन) शोधत दरीत आले. रानरेडे संपले होते. त्यांनी गुडनाईटची गुरं मारायला सुरुवात केली. त्यांचा म्होरक्या होता क्वाना पार्कर, पीस नदीवर जिला नेलं त्या सिंथिया अॅनचा मुलगा. गोळी चालली नाही. रानरेडे सापडेपर्यंत एक दिवसाआड दोन बैल देईन, बाकी कळपाला हात लावू नका, असा तोंडी तह झाला आणि दोघांनी तो पाळला. पुढे त्यांची ओळख म्हातारपणापर्यंत टिकली. त्याच सुमाराला मॉलीने रानरेड्यांची अनाथ वासरं वाढवायला घेतली. टेक्सासच्या केप्रॉक कॅन्यन्स उद्यानातला सरकारी कळप त्यांचाच वंश.

अडेअर १८८५ मध्ये वारला आणि दोन वर्षांनी गुडनाईट जेएमधून बाहेर पडला. मेक्सिकोतल्या खाणीत पैसा घातला आणि घालवला. मॉली १९२६ मध्ये गेली. ९१ व्या वाढदिवशी त्याने २६ वर्षांच्या कॉरिन गुडनाईटशी लग्न केलं. आडनाव तेच, नातं काही नाही. १२ डिसेंबर १९२९ ला ॲरिझोनात तो वारला.

त्याच वर्षी जानेवारीत बोज आयकर्ड गेला होता. जन्माने गुलाम, युद्धानंतर मुक्त झालेला हा काळा गुराखी. चार वर्षं गुडनाईटची रोकड त्याच्याकडे असे, कारण काळ्या माणसाला लुटावं हे चोराच्या डोक्यात येणार नाही, असा हिशेब होता. वेदरफर्डला त्याच्या थडग्यावर गुडनाईटने दगड बसवला. वर कोरलेला मजकूर पलटणीतून सुटणाऱ्या शिपायाच्या दाखल्यासारखा आहे: चार वर्षं माझ्यासोबत चाकरी केली, कधी काम टाळलं नाही, हुकूम मोडला नाही, उधळलेल्या कळपांमागे माझ्याबरोबर घोडा घातला, कोमांचेंशी तीन चकमकींत भाग घेतला. वर्तन उत्तम.