सावकाश हलण्यातलं अवघड गणित

सांगलीच्या आमराई बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक व्हिडिओ सारखा फिरतोय. पांढऱ्या दाढीचे चिनी गुरुजी हात नुसता हवेत फिरवतात आणि चार हात लांब उभा असलेला धट्टाकट्टा शिष्य कोलांट्या खात पडतो. खाली मजकूर: ‘हीच ती अंतर्गत शक्ती!’ त्यावर नमस्कारांची रांग. त्याच ग्रुपवर एका निवृत्त काकांनी मला विचारलं, “सर, यातलं काही शिकायचंच झालं तर ताई ची धरावं, बाग्वा धरावं की शिंग यी?” या तीन चिनी युद्धकला. प्रश्न व्हिडिओपेक्षा कितीतरी शहाणा आहे.

व्हिडिओचं आधी उरकून घेऊ. शिष्य पडतो, कारण तो शिष्य आहे. अनोळखी माणूस समोर आला की ही शक्ती रजेवर जाते. एप्रिल २०१७ मध्ये छंगदू शहरात मिश्र मार्शल आर्टचे प्रशिक्षक शू श्याओदोंग यांनी ताई ची शिकवणाऱ्या वेई लेई यांना काही सेकंदांत जमिनीवर घेतलं. चीनमध्ये त्यावर बराच गदारोळ झाला. पण एक शिक्षक हरला म्हणून ताई ची भंपक ठरत नाही, भंपक आहे तो न शिवता पाडण्याचा दावा. जमिनीला पाय लावून शरीर जे करतं ते खरं आहे, मोजता येतं आणि माझ्या मते जास्त थक्क करणारं आहे.

तिन्ही कलांची तोंडओळख थोडक्यात. ताई चीचं मूळ हेनान प्रांतातल्या चेन गावाशी जोडतात. एकोणिसाव्या शतकात यांग लू-छान तिथं शिकले आणि त्यांनी ती बीजिंगला नेली. आज जगभर शिकवला जाणारा २४ हालचालींचा संच चीनच्या क्रीडा खात्यानं १९५६ मध्ये बसवला. बाग्वात गोलावर चालत राहायचं, चालता चालता अंग पिळायचं आणि दिशा बदलायची. शिंग यी सरळ रेषेत चालते. तिच्यात पाच मूळ प्रहार आहेत आणि ते पुन्हापुन्हा घोटायचे असतात. सुन लू-थांग या तिन्हींत तयार होते, त्यांनी ताई चीची स्वतःची शैलीही काढली. म्हणजे या तिघींत भिंती नाहीत, पण सुरुवात कुठून करायची हा प्रश्न राहतोच.

आता माझ्या आवडीचा मुद्दा. ताई ची इतकी सावकाश का करतात? ‘मन शांत व्हावं म्हणून’ हे उत्तर अर्धंच आहे. चपला काढा, एका पायावर उभे राहा आणि घोट्याच्या पुढच्या बाजूला बघा. कातडीखाली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, एकामागून एक वर येतात, बुडतात, पुन्हा येतात. तुम्हाला वाटतं आपण स्थिर उभे आहोत, पण घोट्याला क्षणाचीही उसंत नसते.

शाळेत आपण शिकलो की गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा पायाखालच्या क्षेत्रात पडला तर वस्तू उभी राहते. माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या खाली, कमरेच्या हाडांच्या मध्ये असतो. पण हा नियम थांबलेल्या वस्तूचा आहे. चालताना ओळंबा एका पावलावर बसतच नाही, तो दोन पावलांच्या मधल्या पट्टीतून पुढे सरकत असतो. एका पायावर असताना आपण खरं तर पडतच असतो आणि दुसरा पाय येऊन आपल्याला सावरतो.

म्हणून हलत्या शरीरासाठी ओळंब्यात वेगाचा हिस्सा मिळवावा लागतो. गुरुत्वमध्याचा वेग घ्या आणि त्याला गुरुत्वत्वरण भागिले गुरुत्वमध्याची उंची याच्या वर्गमुळानं भागा. येईल तेवढं अंतर ओळंब्याच्या पुढे मोजलं की हलत्या शरीराचा तोलाचा बिंदू मिळतो. उंची ०.९ मीटर धरली तर ९.८ भागिले ०.९ म्हणजे जवळजवळ १०.९, त्याचं वर्गमूळ ३.३. सेकंदाला ३० सेंटिमीटर वेग असेल तर तोलाचा बिंदू ओळंब्याच्या ९ सेंटिमीटर पुढे जातो. नेहमीच्या चालीत, म्हणजे सेकंदाला १.२ मीटरला, तो ३६ सेंटिमीटर पुढे असतो. तुमचं पाऊल असतं जेमतेम २५ सेंटिमीटर लांब! तोल पावलाच्या बाहेर गेलेला असतो आणि त्याच्याच जोरावर आपण पुढे जातो.

ताई चीत वेग सेकंदाला तीनेक सेंटिमीटरवर आणला की हा हिस्सा एक सेंटिमीटरवर येतो. वेगाची उधारी बंद, सगळा व्यवहार रोखीत. पुढची टाच जमिनीला टेकते, पण वजन अजून सगळं मागच्या पायावर असतं. मग ते हळूहळू पुढे येतं आणि त्या सगळ्या वेळात कुठेही ‘आता पडू दे, पुढचा पाय धरेल’ म्हणायची सोय नसते. नऊ-दहा सेंटिमीटर रुंदीच्या तळव्यावर अख्खं शरीर कित्येक सेकंद तोलायचं. पोटरीतल्या स्नायूंमध्ये ताण ओळखणारे संवेदक असतात. स्नायू जरासा ताणला गेला की त्यांचा संदेश मज्जारज्जूपर्यंत जाऊन ४० ते ५० मिलिसेकंदांत स्नायूला उत्तर मिळतं. विचार करून पाय हलवायला याच्या तिप्पट वेळ सहज लागतो. कानाच्या आतला तोलाचा अवयव, डोळे आणि तळव्याची कातडी यांची माहितीही त्यात मिसळते. वय वाढलं की हे सगळं मंदावतं. सावकाश हालचालीत त्याला रोजचं काम मिळतं.

हे नुसतं तर्कशास्त्र नाही. अमेरिकेत पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) १९५ रुग्णांवर २४ आठवड्यांचा अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तोल सांभाळण्यात ताई चीचा गट वजनाचे व्यायाम आणि ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांच्या पुढे गेला. ताण देणाऱ्यांपेक्षा या गटातली माणसं पडलीही कमी, पण वजनाच्या व्यायामांशी तुलना केली तर पडण्यात तसा स्पष्ट फरक दिसला नाही. ‘ताई चीनं पार्किन्सन बरा होतो’ असं कुणी सांगितलं तर हात जोडून उठा.

ताई चीत पुढे ‘हात ढकलणं’ शिकवतात. दोघं मनगटाला मनगट लावून उभे राहतात आणि समोरच्याचा भार कुठे झुकतोय हे हातानं चाचपतात. आपल्या भागातल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. कुंडलच्या मैदानात खडाखडी बघितलीय ना? पैलवान मान-मनगट धरून फिरतात, बाहेरच्याला वाटतं वेळ काढतायत, पण हातातून समोरच्याचा वेग मोजणं चालू असतं. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण आणलं. तिथं पोचणाऱ्या मल्लाला हा हिशेब अंगातूनच येत असणार.

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. साठी ओलांडली असेल, गुडघे कुरकुरत असतील किंवा अंधारात जिना उतरताना भीती वाटत असेल तर ताई ची, तेही उंच बैठकीत, म्हणजे गुडघे फार न वाकवता. संशोधनही तिघींत ताई चीवरच जास्त झालंय. तिशीतल्या, पाठांतराचा कंटाळा असलेल्या माणसानं शिंग यी घ्यावी. हालचाली थोड्या असतात आणि मागच्या पायानं जमीन ढकलून हाताला जोर आणण्याची क्रिया लवकर अंगवळणी पडते. बाग्वा दिसायला सर्वांत देखणी, पण तीत पाऊल आत-बाहेर वळवत गोलावर चालावं लागतं. वळण खुब्यातून न घेता भार असलेल्या गुडघ्यातून घेतलं तर सांधा पिळला जातो. सहा-आठ महिने दुसरं काही करून मग तिकडे वळावं, हे माझं मत.

सांगलीत कराटे-तायक्वांदोचे फलक जागोजागी दिसतात, या तिघींचा शिक्षक मात्र शोधावा लागतो. मिळाला तर पहिल्याच दिवशी म्हणा, “मला हलकंच ढकला, आणि मी तुम्हाला ढकलतो.” जो हसून तयार होतो त्याच्याकडे नाव घाला. जो ‘आधी ऊर्जा जागृत होऊ दे’ म्हणतो त्याची फी वाचवा. शिक्षक नसेल आणि मोबाईलवरच बघून करणार असाल तर भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा, आणि गुडघा नेहमी पायाच्या बोटांच्याच दिशेनं वाकतोय ना, ते दर खेपेला खाली बघून तपासा.