लग्नाची सीडी आणि लॅपटॉपमधले दोन लेझर

मावशीच्या लग्नाची सीडी दादरच्या घरात वीसेक वर्षं कपाटात होती. जुन्या लॅपटॉपमध्ये ती घातली की ड्राइव्ह दोन-तीनदा घुरघुरायचा आणि गप्प व्हायचा. सीडीच गेली, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं. पण दुकानातून आणलेली गाण्यांची सीडीही त्यात चालेना, डीव्हीडी मात्र सुरळीत चालत होत्या. म्हणजे दोष सीडीत नव्हता, ड्राइव्हमध्ये होता.

आपल्याला एकच लेन्स दिसते, पण तिच्यामागे दोन लेझर असतात. सीडीसाठी 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त (इन्फ्रारेड) आणि डीव्हीडीसाठी 650 नॅनोमीटरचा लाल. सीडीवरच्या मार्गिका, म्हणजे माहिती कोरलेल्या रेघा, एकमेकींपासून 1.6 मायक्रॉनवर असतात, डीव्हीडीवरच्या 0.74 मायक्रॉनवर. मार्गिका दाट असल्या की प्रकाशाचा ठिपकाही लहान लागतो, आणि तरंगलांबी कमी असली की तो लहान करता येतो.

मग लाल लेझरच दोन्हींना का पुरत नाही? कारण स्टुडिओवाल्याने भरून दिलेल्या सीडीत कारखान्यात छापलेले खड्डे नसतात. तिच्यात सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि लेझरच्या उष्णतेने त्याच थरावर खुणा उमटवलेल्या असतात. हा रंग 780 नॅनोमीटरचा प्रकाश चांगला परत पाठवतो. 650चा मात्र बराचसा गिळतो. त्यामुळे अवरक्त लेझर थकला, की डीव्हीडी दाखवणारा ड्राइव्ह लग्नाच्या सीडीपुढे आंधळा होतो. अशा वेळी ड्रायव्हर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारं सॉफ्टवेअर, पुन्हा टाकण्यात, विंडोज बदलण्यात वेळ घालवू नका.

त्याआधी लेन्स मात्र एकदा जरूर पुसून पाहा. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये लेन्स आतच राहते, पण लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हमध्ये ती ट्रेबरोबर बाहेर येते. मुंबईच्या दमट हवेत धूळ तिला चिकटून बसते. लॅपटॉप बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला कापूस अगदी हलक्या हाताने फिरवा. लेन्स बारीक तारांवर तरंगत असते, दाब पडला की कायमची बिघडते. उघडलेला ड्राइव्ह चालू करून आत कधीही डोकावू नका. अवरक्त किरण डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, इजा मात्र करतो.

पुसूनही भागलं नाही, म्हणून मी लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असलं, तरी ग्रँट रोड स्टेशनला उतरून विचाराल तर जुनंच नाव कानावर येईल. जाताना जुना ड्राइव्ह काढून सोबत न्यावा. बॅटरी काढल्यावर बहुतेक लॅपटॉपमध्ये खालचा एकच स्क्रू सोडवला की तो सरकून बाहेर येतो. जाडी 12.7 मिलिमीटर आहे की 9.5, हे मोजून घ्या. जाड ड्राइव्ह पातळ कप्प्यात शिरणारच नाही. मागची जोडणी साटा या नव्या पद्धतीची आहे की त्याआधीची रुंद आयडीई, तेही बघा. पुढची प्लास्टिकची पट्टी जुन्याची काढून नव्याला लावता येते.

दुकानात हमखास विचारतात, ‘ड्राइव्ह कशाला, कॅडी टाका ना!’ कॅडी म्हणजे त्याच कप्प्यात बसणारी चौकट, जिच्यात अडीच इंची डिस्क मावते. सल्ला चुकीचा नाही. 8 एक्स, म्हणजे मूळ वेगाच्या आठपट, वेगाने डीव्हीडी वाचताना सेकंदाला जेमतेम 11 मेगाबाइट माहिती येते, तर 3 गिगाबिटच्या साटा जोडणीची मर्यादा 300 मेगाबाइट असते. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला हवी ती जागा माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी साडेपाच मिलिसेकंद वाट पाहावी लागते. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, काही फिरतच नाही, त्यामुळे ही वाट पाहणंही नाही. मात्र एसएसडी हार्ड डिस्कच्या मूळ जागी बसवा आणि जुनी हार्ड डिस्क कॅडीत सरकवा, कारण काही लॅपटॉप कॅडीतल्या डिस्कवरून सुरूच होत नाहीत.

पण माझं कळकळीचं म्हणणं आहे की क्रम उलटा करू नका. रंगाचा थर ऊन, उष्णता आणि दमटपणाने हळूहळू विटतो. आज वाचता येणारी सीडी पुढच्या पावसाळ्यानंतर वाचता येईलच, याची खात्री नाही. आधी चालणारा ड्राइव्ह लावा, घरातल्या सगळ्या सीड्या उतरवून घ्या, मगच कॅडी. कॅडीसाठी काढलेला ड्राइव्ह यूएसबीच्या डबीत घालून बाहेरूनही वापरता येतो. फक्त यूएसबी 2 पोर्ट 500 मिलिअँपिअरच देतो आणि तबकडी फिरायला लागताना याहून जास्त वीज लागते, म्हणून एकाच वेळी दोन पोर्टांतून वीज घेणारी, दोन यूएसबी टोकांची केबल घ्या.

मी आधी ड्राइव्हच बदलला. मावशीची सीडी दोन जागी अडखळली, वेग कमी केल्यावर पूर्ण उतरली. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा आजोबा पहिल्याच रांगेत बसलेले दिसले. त्यांचं चालतंबोलतं चित्र आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही.